साबण आधी पडला

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार गं. मी बरी आहे, खोकला गेला. खिडकीची काच अजून फुटकीच, पुठ्ठा लावलाय. हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही, तरी लिहितेय. कोडगी म्हण हवं तर.

भाऊजी एकदा म्हणाले होते, "ही दिवसभर करते तरी काय?" सांग त्यांना. जेलीफिशकडून उसनं घेतलेलं एक प्रथिन आम्ही पेशींच्या पोटात घालतो. बाहेरून औषध सोडायचं. ते पेशीच्या कुलपाला किल्लीसारखं बसलं की आत कॅल्शियम वाढतं आणि प्रथिन चमकतं. क्षणभरच, एकदाच. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, यंत्र मोजतं. पेशी ठेवतो त्या ताटलीतले काही खळगे मात्र ढिम्म. त्यातल्या पेशी मेल्यात की नुसत्या गप्प आहेत, कसं कळणार? म्हणून सगळ्यात शेवटी साबणाचं पाणी सोडतो. पेशी फुटते, आणि जिवंत असली तर उरलासुरला उजेड भसकन बाहेर येतो.

काल मी नळ्या उलट्या जोडल्या. साबण आधी पडला. ताटलीतले तीनशे चौऱ्याऐंशी खळगे यंत्राच्या पडद्यावर एकदम चमकले आणि संपले. आठवड्याचं काम मातीत.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अगं, थकलीयेस तू. तीन वर्षांत एकदा तरी सुट्टी मागितलीस का? मागायची की! मी कधी नाही म्हटलंय?"

ताई, मी तिथेच रडले. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी "मॅडम सुट्टी देत नाहीत" म्हणाले होते ना, ते खोटं होतं. मी विचारलंच नव्हतं. आईला शेवटचं तशा खाटेवर बघितलं होतं, तुला बघायची हिंमत नव्हती. भित्री आहे गं मी. शुद्धीवर आल्या आल्या तू "बिट्टी आली का?" विचारलंस, हे भाऊजींकडून कळलं, तेव्हापासून या खोलीत एकटीला घास गोड लागत नाही. बोलायला भिंतीच आहेत, आणि त्यांनाही मी खोटंच सांगत होते.

तू नुसती गप्प आहेस की माझ्यापुरतं सगळं संपलंय, मला कळत नाही. भांड ना माझ्याशी. शिव्या घाल, फोडून काढ. एवढं तरी कळू दे.

सुट्टीचा अर्ज सोबत ठेवलाय. मॅडमची सही झालीय. तारखेची जागा कोरी आहे, ती तू भर.

तुझीच, अजून न पोचलेली,
बिट्टी