उरलेल्या गोळ्या

प्रिय ताई,

परवा फोनवर तू माझ्याकडे काहीतरी मागितलंस आणि मी विषय बदलला. तुला वाटलं असेल, शिकली आणि आखडू झाली. तसं नाही गं. फोनवर तू मला "बरं बरं, मास्तरीणबाई" म्हणत मध्येच गुंडाळतेस. कागदावर तुला तसं करता येणार नाही. तू अजून बोट ठेवून वाचतेस, म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

आपला औषधांचा डबा आठवतो ना? बिस्किटांचा, झाकणाला पोचा आलेला. कुणाचा ताप उतरला की उरलेल्या गोळ्या त्यात जायच्या आणि पुढच्या आजाऱ्याला त्याच मिळायच्या. तेव्हा घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून डबा माझ्या मांडीवर. बाबा म्हणायचे, "बघ गं, यातली अंगदुखीची कुठली?" मी बारीक अक्षरं लावत बसायचे, आणि तू गोळी गिळलीस की तुझा श्वास नीट चाललाय ना, ते बघत राहायचे. पुढे तुझ्या शिलाई मशीनशेजारी बसून मी तुला अक्षरं शिकवली, तेव्हापासून मी मास्तरीण. पण काळजीखोर मी त्या डब्यापासूनच.

मागच्या वर्षी मला अशक्तपणा आला होता, त्याच्या गोळ्या घेते, असं मी तुला सांगितलं होतं. ते नैराश्य होतं. डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. दुःख नव्हतं ते, रडूसुद्धा येत नव्हतं. सकाळी दात घासायचा ब्रश उचलणं म्हणजे भरलेली बादली जिना चढवण्यासारखं वाटायचं. प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासताना एकाच बाटलीचा आकडा पुन्हा पुन्हा बघायचे, तरी खात्री व्हायची नाही. सुट्टीच्या दिवशी खोलीत इतकी सामसूम असायची की शेजारच्यांनी नळ बंद केलेला कळायचा. तुझा फोन वाजला की मी आधी घसा खाकरायचे, हसरा आवाज काढून बघायचे आणि मगच उचलायचे.

शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "पाणी तपासून झालं, आता तुला तपासून आणू," म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला लावलं, कारण थायरॉइडमुळेही असं होऊ शकतं. झोप विचारली, भूक विचारली. मरून जावंसं वाटतं का, हेही विचारलं, खोकला आहे का म्हणून विचारावं तितक्या सरळ. मी हो म्हणाले. ते मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, याला मात्र नाही म्हणाले. आणि जिना उतरताना आई आठवली, भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेजारणींना आपण सांगायचो, तिचं अंग दुखतंय. आपल्यालाही तेच वाटायचं. मी तिला डब्यातून अंगदुखीचीच गोळी काढून द्यायचे. मी परत वर गेले आणि सांगितलं.

मग गोळी सुरू झाली. सुरुवातीला मळमळ आणि तोंडाला कोरड, मनात फरक काहीच नाही. मी घाबरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही आठवडे लागतात, रोज निकाल बघायला जाऊ नका. जोडीला समुपदेशकांकडे बोलायला जाते. मनात "सगळं माझ्यामुळेच" आलं की त्याला पुरावा मागायचा, असं त्या शिकवतात. रोज थोडं चाला म्हणाल्या, तर मी पाय सुजेपर्यंत चालून आले. "आजारातसुद्धा पहिला नंबर काढायचाय का?" त्यांनी विचारलं आणि मला हसू फुटलं. स्वतःचंच हसू ऐकून दचकले. पुढे एका सकाळी ब्रश नुसता ब्रश होता. एवढंच, काही गाजावाजा नाही.

बरं वाटलं तशी आपल्या घरची सवय जागी झाली. आता उरलेल्या गोळ्या ठेवून देऊ का, असं डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायच्या आणि मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या. एकदम सोडल्या तर चक्कर येते, आजार उलटू शकतो. आणि एकाची गोळी दुसऱ्याला चालेलच असं नाही, कुणाला तर ती बिघडवतेसुद्धा.

परवा फोन उचलल्यावर तू आधी घसा खाकरलास, ताई. मला ऐकू आलं. मशीनवर झाकलेलं कापड बरेच दिवस काढलेलं नाही, म्हणालीस. आणि मग अगदी सहज, "तुझ्या त्या गोळ्या उरल्या असतील तर थोड्या पाठव. इथे कुणाला बोलू नकोस." पाठवत नाही. पाकिटात पुडी शोधू नकोस. मी रजा टाकली आहे, शनिवारी येते. तुमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात या आजाराचे डॉक्टर बसतात, त्यांची सोमवारची वेळ घेतली आहे. "वेड्यांचा डॉक्टर" म्हणशील. म्हण, पण चल. मी आत बसेन नाहीतर बाहेर, तू सांगशील तिथे. तोवर रोज फोन करेन, तेव्हा खाकरायचं नाही, हसायचं नाही. मला विचारलं होतं तेच तुला विचारेन, तू खरं सांग. उत्तर हो असेल तर मी शनिवारची वाट बघणार नाही, तूही बघू नकोस. आणि बाह्या आखूड करायला पाठवलेला माझा अ‍ॅप्रन तसाच पडलाय म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मी दुसरा अ‍ॅप्रन बाह्या दुमडून वापरते आहे.

तुझीच,
मास्तरीण