घंगाळाला एक तारा

ती. स्व. सावळीराममामा यांस,

इंदिरानगरहून भाचा भारत याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण हॉलमध्ये रिकाम्या खोक्यांमुळे आडवं पडायला जागा उरलेली नाही, तेव्हा उभ्याने घातलेलाच गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? दसऱ्याला झेंडूला भाव बरा मिळाला असं आईकडून कळलं, आनंद झाला. (आई म्हणजे तुमची सख्खी बहीण साळूबाई. नात्याची आठवण मुद्दाम करून देतो आहे, पुढे तिची गरज पडणार आहे.) इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला.

फोन असताना हा भाचा पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. खरं तर वाटू नये. आठवडाभर तुमचा फोन एकदा वाजून बंद होतो. आईच्या फोनवरून लावला तर तुम्ही तिच्याशी मनसोक्त बोलता आणि माझा आवाज आला की मळ्यातली रेंज जाते. मखमलाबादला रेंजचा त्रास आहे हे मी समजू शकतो. (उज्वला समजू शकत नाही. ती तोंडाला पदर लावून हसते, आणि ती रोज पंजाबी ड्रेस घालते, म्हणजे हसण्यासाठी तिने खास ओढणी शोधली असणार.) म्हणून हे पत्र पंचवटीत तुमच्या फुलांच्या टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे. टेम्पोला रेंज लागत नाही.

अंबडची कंपनी सोडून मला वर्ष होत आलं. मी कंपनी सोडली असं मी सांगतो, कंपनीचं म्हणणं थोडं वेगळं आहे, पण त्या वादात शिरत नाही. घरी बसलो असताना मोबाइलवर एक गृहस्थ भेटले. ते उभ्या गाडीत बसून बोलत होते. (हे लोक नेहमी गाडीत बसून ज्ञान देतात आणि गाडी कधी कुठे जात नाही.) ते म्हणाले, तुमच्या माळ्यावर खजिना पडला आहे आणि तुम्ही नोकरी करता? मी नोकरी करत नव्हतो, तरी मला लाज वाटली. त्यांनीच 'बोलीबाजार' या ॲपची ओळख करून दिली. जुनी वस्तू काढायची, फोटो टाकायचा, लोक घरबसल्या बोली लावतात, सर्वांत वरच्या बोलीला वस्तू द्यायची. उज्वला पतसंस्थेत आहे, तिला कोणताही धंदा ऐकला की तारण आठवतं. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत काय करायचं ते करा, दिवाळीनंतर हिरामणदादाच्या दुकानात. तिच्या या भावाचं द्वारका चौकात टायरचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तो मला भेटेल तिथे विचारतो, "दाजी, पंक्चर काढायला माणूस चार दिवसांत शिकतो. तुम्ही आठ घ्या, पण या." मामा, मी पदवीधर आहे. मेहुण्याच्या हाताखाली पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा चालला आहे.

धंद्यात वस्तू विकली जात नाही, वर्णन विकलं जातं, हे मी लगेच शिकलो. गंजलं असेल तर 'काळाचा स्पर्श', फुटलं असेल तर 'अपूर्ण म्हणूनच अस्सल', आणि कशाचं आहे हे आपल्यालाच कळत नसेल तर 'फक्त जाणकारांसाठी'. गिऱ्हाइकंही तशीच. ज्यांच्या आयांनी दारावर पितळी भांडी देऊन प्लॅस्टिकच्या बादल्या घेतल्या, तीच मुलं आता दहाव्या मजल्यावरून पितळी भांडी मागवतात आणि त्यात पाणी घालून मेणबत्त्या सोडतात. आपलं जातं ज्यांनी घेतलं त्यांनी त्यावर काच बसवून वर लॅपटॉप ठेवला आहे, फोटो पाठवला होता. पाट्याच्या बाबतीत एका बाईंनी विचारलं, यावर बसून ध्यान करता येईल का? मी लिहिलं, आमच्या घराण्यात त्यावर फक्त ध्यानच केलं जाई. आई मागे उभी होती. ती म्हणाली, "मंग चटणी काय तुझ्या बापानं वाटली का?"

पण मामा, या धंद्यात पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे तारे. वस्तू पोचली की गिऱ्हाईक पाचपैकी तारे देतं आणि खाली दोन शब्द लिहितं. ताऱ्यांची सरासरी चाराच्या खाली गेली की बोलीबाजारवाले दुकानाला कुलूप लावतात. माझी पहिली घसरण आईमुळे झाली. (मी तक्रार करत नाही, नोंद करतो आहे.) पुण्याच्या एका गृहस्थांनी आपली समई बोलीत जिंकली. आईला लिलाव माहीत आहे तो बाजार समितीचा. मालापाशी उभं राहायचं, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, आणि भाव पटला नाही तर गाडी माघारी वळवायची. तिने माझ्या फोनवरून त्या गृहस्थांना गाठलं आणि सांगितलं, "ह्या भावात नाय परवडत, दादा. समई लय जड हाय. तुम्ही दुसरी गाडी बघा." त्यांनी दोन तारे दिले आणि खाली लिहिलं, 'वस्तू चांगली, पण विक्रेत्याची आई लिलाव संपू देत नाही.' त्या दिवसापासून आई मला एकच विचारते, "लिलावात आपला माणूस उभा केला का? आपलं माणूस असल्याबिगर भाव चढत नाय." मी तिला सांगून थकलो, की आपल्याच माणसाने बोली चढवणं ही ॲपच्या भाषेत लबाडी आहे. ती म्हणते, मग ॲपला नातेवाईक नसतील.

आता घंगाळाविषयी. (इथे तुम्ही पत्र बाजूला ठेवू नये, ही विनंती.) गिझर आल्यापासून ते माळ्यावरच होतं आणि त्यात दिवाळीच्या माळा ठेवलेल्या होत्या. उज्वला कामावर गेली असताना मी ते खाली काढलं, चिंच लावून घासलं, आणि सोन्यासारखं झळझळीत झालं तेव्हा मला खरंच वाटलं, की हे आपल्या घरातलं नसावं. फोटोला एकच अडचण आली. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. त्याच्या पोटावर टिंबटिंब करून कोरलं होतं, 'चि. भारत व चि. सौ. कां. उज्वला यांस सौ. कुसाबाई व सावळीराम यांजकडून सप्रेम'. भांडी चोरीला जाऊ नयेत म्हणून नाव घालतात अशी माझी समजूत होती. ते घरच्याच माणसांसाठी असतं हे आता कळलं. मी फोटो दुसऱ्या बाजूने काढला. दुसऱ्या बाजूला कडीखाली तो मोठा पोचा. पोचा असलेल्या वस्तूला इतिहास लागतो, म्हणून मी लिहिलं, 'सरदार घराण्यातलं शंभर वर्षांपूर्वीचं घंगाळ, कडीखाली लढाईत पडलेली खूण.' (शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे कोणती लढाई चालू होती, असं एका चिकित्सकाने विचारलं. मी 'घराण्यातलीच' असं उत्तर दिलं, ते त्याला पटलं.)

त्या संध्याकाळी जे झालं ते या धंद्यात मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. एक 'झेंडूकिंग' आणि एक 'अनामिक९' असे दोघेच, पण काय जिद्द! एकाने चढवली की दुसऱ्याची आलीच. नव्या भांड्याच्या किमतीपुढे गेले, मग गिझरच्या किमतीपुढे गेले. मी उज्वलाला हाका मारत होतो, अगं बघ, लोकांना कशाची कदर आहे बघ! ती स्वयंपाकघरात आपल्याच फोनमध्ये डोकं घालून उभी होती, तव्यावरची भाकरी करपून घरभर धूर झाला, तरी मान वर करेना. नवऱ्याच्या यशाबद्दल बायका किती उदासीन असतात, हे मी त्या धुरात बघितलं. शेवटी झेंडूकिंगने घंगाळ नेलं. पत्ता होता त्र्यंबकेश्वरच्या एका हारफुलांच्या दुकानाचा. आता मी म्हणतो, की 'झेंडूकिंग' आणि 'हारफुलं' हे शब्द शेजारी शेजारी वाचूनही ज्याला काही सुचत नाही, त्याने खरोखर टायरच्या दुकानात जावं. पण त्या वेळी डोळ्यांपुढे यश होतं. मी दोन गोधड्या गुंडाळून पॅकिंग केलं.

तिसऱ्या दिवशी अभिप्राय आला. तो मला तोंडपाठ झाला आहे.

'एक तारा. घंगाळ शंभर वर्षांचं नाय. मी अन् कुसानं भांडी बाजारातून आणलं. नाव मागच्या बाजूला हाय, ज्याला पाहिजे त्यानं येऊन वाचावं. लढाई काय झाली नाय. लग्नाला जाताना टेम्पोत बसायला जागा नव्हती म्हणून कुसा ते पालथं घालून त्याच्यावर बसली, पार कार्यालयापर्यंत. पोचा तिचा हाय. पॅकिंग बरं हाय.'

हे गिऱ्हाईक कोण, हे मी इथे लिहीत नाही, कारण पत्र आदराने लिहायचं असं ठरवून बसलो आहे. पण लोकांनी त्या अभिप्रायाला एवढे अंगठे दिले, की बोलीबाजारवाल्यांनी तो पहिल्या पानावर लावला आणि मला कळवलं, की वर्णनात लबाडी आढळली आहे, सरासरी चाराखाली गेली आहे, वसुबारसेपर्यंत गिऱ्हाइकाने तारे वाढवले नाहीत तर दुकान कायमचं बंद. म्हणजे मामा, मला हिरामणच्या पाण्याच्या टबात ढकलायला आता तो एक तारा पुरेसा आहे.

मामींची आठवण मलाही येते. त्या घंगाळावरून उठल्या तेव्हा सगळं वऱ्हाड हसत होतं, आणि त्याच सर्वांत मोठ्याने हसत होत्या. ते वाचताना मला फार वाईट वाटलं, हे अगदी खरं लिहितो. माणूस धंद्यात शिरला की त्याला पोचा दिसतो, पोचा पाडणारं माणूस दिसत नाही. एवढं तुम्ही समजून घ्याल, अशी आशा आहे.

गुडघ्याला शेक देत जा. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि टेम्पोवाल्याला चहा.

आपला आज्ञाधारक (यापुढे),
भारत

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. अभिप्रायाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचं चित्र आहे. ते दाबलं की तारे बदलता येतात. पाच नको, चार पुरेत. जमल्यास खाली एवढंच लिहावं, की 'पोचा लढाईतलाही असू शकेल.'

आणखी एक ता. क. तुमचा अभिप्राय वाचून पुण्याच्या एका बाई त्या घंगाळासाठी हट्ट धरून बसल्या आहेत. मामींची गोष्ट त्यांना इतकी भावली, की त्या पोच्यासकट दुप्पट द्यायला तयार आहेत. (त्यात कमळं सोडणार आहेत.) तेव्हा तुमच्याकडे ते नुसतं पडूनच असेल, तर याच टेम्पोने परत पाठवावं. गोधड्याही पाठवाव्यात, आई विचारते आहे.

मामा, नमस्कार. मी उज्वला. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. अनामिक९ मी होते. ॲपवर आपलं घंगाळ बघितलं. यांच्याशी भांडून उपयोग नव्हता, म्हणून म्हटलं विकतच घेऊ. समोर कोणी मुंबईचा व्यापारी असेल या रागाने चढवत गेले, तुम्हीही तसेच चढवत असणार. हरले तेव्हा मोरीत जाऊन रडले, कारण मामींनी ते माझ्या हातात देताना म्हटलं होतं, "रोज नाव वाचत जा, म्हणजे आम्ही दारात असू." तुमचा अभिप्राय वाचला आणि रडता रडता हसू आलं. यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी बोली आपण दोघांनीच लावली, हे यांना अजून सांगितलेलं नाही. आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मी म्हनलं नव्हतं, आपली माणसं लागत्यात?"

घंगाळ तुमच्याकडेच असू द्या. इथे आलं तर त्याचा पुन्हा फोटो निघेल. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आम्ही सगळे पहाटे मळ्यात येतो, पाणी त्यातच काढून ठेवा. आणि तारा एकच राहू द्या. हिरामणदादाने यांच्यासाठी दुकानाचा निळा शर्ट शिवायला टाकला आहे, खिशावर नाव घालून.