चार अल्ट्रा आणि एक फ्लेक्स

१४ जानेवारी
सोसायटीचा तिळगुळ समारंभ. दुसऱ्या मजल्यावरच्या संजनाने एकवीस किलोमीटरची शर्यत पूर्ण केली म्हणून तिला गुलाबाचे फूल. टाळ्या. जरा जास्तच टाळ्या. माईक माझ्या हातात होता (सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याचकडे, शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला लोक जन्मतः निवेदक समजतात). बोलण्याच्या ओघात जाहीर करून टाकले, की या वर्षी मी चार अल्ट्रा धावणार. बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन संपते तिथून पुढचे सगळे ते अल्ट्रा, एवढे सकाळीच पेपरात वाचले होते. चार का, ते सांगता येणार नाही. वेद चार, पुरुषार्थ चार. तिथूनच आले असावेत.
घरी आल्यावर सविता म्हणाली, "अहो, तुम्ही दूध आणायलासुद्धा स्कूटर काढता."
महान संकल्पाची पहिली परीक्षा नेहमी घरातच होते.

१५ जानेवारी, पहाटे
उठलो. थंडी. खिडकी उघडून पाहिली, बंद केली. उद्यापासून.

१७ जानेवारी
संजना आली. डोळ्यांत चमक. "काका, सरप्राइज! चारही शर्यतींचं रजिस्ट्रेशन करून टाकलं तुमचं." फेब्रुवारीत गंगापूर धरणाकाठी पन्नास किलोमीटर, मे महिन्यात मैदानावर बारा तास, ऑगस्टमध्ये त्र्यंबकच्या घाटात पंचाहत्तर, डिसेंबरात नाशिक ते येवला. आधार नंबर कोणी दिला? सविताने. हसत दिला म्हणे.

२० जानेवारी
प्रभागाचे भावी नगरसेवक धोंडीरामभाऊ घरी आले. चारपाच कार्यकर्ते, शाल, श्रीफळ, झेंडूचा जाडजूड हार. मी म्हटले, भाऊ, अजून एक पाऊलही धावलो नाही. ते म्हणाले, "सर, तुम्ही धावाल हो. पण तोवर आचारसंहिता लागली तर मला फ्लेक्स लावता यायचा नाही. म्हणून अभिनंदन आत्ताच उरकतो."
तर्कशास्त्राचे चार ग्रंथ वाचले आहेत. असा न्याय एकातही नाही.

२३ जानेवारी
चौकात फ्लेक्स. 'नाशिकची शान, चार महाशर्यतींचे महावीर, गर्गे सर यांचे हार्दिक अभिनंदन!' दहा फूट रुंद. त्यात धोंडीरामभाऊ सहा फूट, मी चार. माझा फोटो हार घातलेलाच. सविता भाजीची पिशवी हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हार काढून तरी फोटो द्यायचा होता. आपल्यात हार घातलेला फोटो कधी लावतात, माहीत आहे ना?"
एरवी मी मान उंच करून चालतो. आज जरा अधिकच उंच केली.

५ फेब्रुवारी
लिफ्टपाशी उभा होतो. पहिल्या मजल्यावरचे काळे म्हणाले, "सर, तुम्ही आणि लिफ्ट?" आणि माझ्यासाठी जिन्याचा दरवाजा उघडून धरला. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.
सराव म्हणूनही हे उत्तमच. मनाशी तसेच म्हणत वर पोहोचलो. चौथ्या मजल्याची शेवटची पायरी बसायलाही सोयीची आहे, हे आज कळले.

१० फेब्रुवारी
शाळेला उशीर. चौकातल्या सलाउद्दीनभाईंच्या रिक्षाला हात केला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग वर फ्लेक्सकडे, मग रिक्षा बंदच केली. "काय सर, गंमत करता का गरिबाची? तुम्हाला रिक्षात घेतलं तर लोक मला बोलतील. जा, जा पळत. आम्ही बघतो."
खरेच बघत होते. स्टँडवरचे तिन्ही रिक्षावाले. कोपऱ्यापर्यंत पळालो. कोपरा वळल्यावर माणसाला खरा विसावा मिळतो.

२२ फेब्रुवारी
पहिली अल्ट्रा. सुरुवात अत्यंत आश्वासक. गंगापूरच्या पुढे एका शेतात माझे जुने विद्यार्थी हुरडा पार्टी करत होते. ओम नावाचा एक (याला नववीत दोनदा बसावे लागले होते, एकदा माझ्यामुळे) धावत रस्त्यावर आला, वाकून नमस्कार केला, "सर, दोन दाणे खाऊन जा." शिष्याचा आग्रह मोडणे शास्त्राला धरून नाही. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. डोळा लागला असावा. उठलो तेव्हा ओमने गाडी काढली होती.
शेवटच्या कमानीपाशी गाडीतून उतरलो तर धोंडीरामभाऊंचे ढोलपथक. मी तोंड उघडायच्या आत गळ्यात हार. मौन हेही एक व्रतच आहे.
संजना घामाघूम होऊन, धावत कमानीतून आली. माझ्याकडे पाहिले, शर्टाला चिकटलेल्या हुरड्याच्या कुसाकडे पाहिले. पाणी प्यायला वळली. ही मुलगीही व्रतस्थ आहे.

२४ फेब्रुवारी
फ्लेक्सवर नवी पट्टी. 'पहिली शर्यत फत्ते!'
सविताला म्हटले, जाऊन खरे सांगतो. ती म्हणाली, "सांगा की. पण कोणाला सांगणार? अख्ख्या चौकाला? माईक लागेल." माईकचे नाव काढताच बोलणे थांबवले.

१० मार्च
हिरामणच्या टपरीवर मिसळ. त्याने तर्री न घालता मोड आलेली मटकी पुढे ठेवली, वर लिंबू पिळले. "सर, तुमचं डाएट मला माहिती हे. तेल नाय, फरसाण नाय." मी म्हटले, हिरामण, थोडी तर्री. तो शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "बघा, सर माझी परीक्षा बघत्यात!" टेबल हसले.
मटकी खाल्ली. नाशिकमध्ये राहून मिसळीविना जगणारा मी बहुधा पहिलाच.

१७ एप्रिल
निवडणूक पुढे गेली. म्हणजे आचारसंहिता पुढे गेली. म्हणजे फ्लेक्स तिथेच. माझी सगळी आशा आता निवडणूक आयोगावर.

१७ मे
दुसरी अल्ट्रा. मैदानावर बारा तास गोल गोल फिरायचे. प्रदक्षिणेला निदान मध्ये देव असतो. इथे मध्ये पाण्याचा टँकर. ऊन असे की सावलीही सावली शोधत होती. स्ट्रेचिंगच्या तंबूत गुडघा सैल करायला आडवा झालो. जागा झालो तो बक्षीस समारंभाच्या माईकने. स्वयंसेवकाने मला बराच वेळ हलवले होते म्हणे. मग, सर ध्यान लावून बसतात असे कोणी तरी सांगितल्यावर सोडून दिले.
माझा ध्यानाचा लौकिक आता धावण्यापेक्षा मोठा झाला आहे.

२ ऑगस्ट
मार्ग सापडला! डॉक्टर. एकदा त्यांनी 'धावू नका' असे लिहून दिले की प्रश्न मिटला. वैद्याज्ञेपुढे धोंडीरामभाऊ काय, चौकही काय करणार? छातीत कळ येते, दम लागतो, सगळे नीट वर्णन करून सांगितले. जरा अलंकारिकच सांगितले. त्यांनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या.

५ ऑगस्ट
सगळे रिपोर्ट नॉर्मल. साखर उतरली आहे. डॉक्टर टेबलावर थाप मारून म्हणाले, "जिने चढता वाटतं रोज? वा! पळा बिनधास्त. तुमचा फ्लेक्स मी रोज पेशंटना दाखवतो."
सर्व दारे बंद.

१४ ऑगस्ट
मनमाडला जातो. शकुआत्या आजारी आहे. शर्यत उद्या आहे, हा योगायोग.

१५ ऑगस्ट, मनमाड
शकुआत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. अंगणात लसूण सोलत बसली होती. मला पाहताच म्हणाली, "काय रे, पळत आलास का?" तिच्या नातवाने फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर दाखवला होता. म्हटले, तू आजारी होतीस ना? ती म्हणाली, "मी? मार्चमध्ये होते. तेव्हा नाही आलास, तेव्हा तुझं पळणं चालू होतं."
दुपारी संपूर्ण गल्ली मला बघून गेली. 

३० सप्टेंबर
संस्कृतात धाव् हा धातू उभयपदी आहे. म्हणजे त्या क्रियेचे फळ स्वतःलाही मिळते आणि दुसऱ्यालाही. माझ्या धावण्याचे फळ अजून तरी एकट्या धोंडीरामभाऊंना मिळाले आहे.

९ नोव्हेंबर
दिवाळीत भाऊंनी फ्लेक्सवर माझ्या डोक्याभोवती दिव्यांची माळ लावली होती. ती अजून काढली नाही. अंधार पडला की मी लुकलुकतो.

१५ डिसेंबर
आचारसंहिता लागली!
शाळेतून येताना महापालिकेची गाडी चौकात. दोघे वर चढले, दोऱ्या कापल्या, मी खाली आलो. गुंडाळला. एक पिकअपवाला गुंडाळ्या मागून घेत होता. "चांगला कपडा हे, शेतात झाकाया येतो," म्हणाला. मी झाडाआड उभा राहून सगळे पाहिले. अकरा महिन्यांनी मोकळा श्वास. उद्याच हिरामणकडे तर्री.

१६ डिसेंबर
हिरामणने न विचारता तर्री वाढली. विचारायला काय हरकत होती?
सलाउद्दीनभाई "या सर, बसा" म्हणाले आणि शाळेपर्यंत कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. दुसरे काही नाही.
संध्याकाळी लिफ्टपाशी काळे भेटले. दार धरून म्हणाले, "या या, सावकाश." सावकाश! जणू एखाद्या म्हाताऱ्याला म्हणावे. मी सरळ जिन्याने वर आलो. दोनदाच थांबलो.
सविता म्हणाली, "आता तर सुटलात. मग तोंड का पाडलंय?"
येवल्याची शर्यत रविवारी आहे. धावणार. ना चौकासाठी, ना भाऊंसाठी. या वेळी खरेच. कोणालाही सांगितले नाही. संजनाला सांगितले. ती माझ्या बुटांकडे पाहून म्हणाली, "काका, हळू सुरुवात करा." सविताने शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. हसली नाही.

२१ डिसेंबर
आज लबाडी केली नाही. हे पहिल्यांदा लिहून ठेवतो.
नांदूर नाका, माडसांगवी, लाखलगाव. कधी धावलो, कधी चाललो. बसलो नाही. एक पिकअप थांबली, "बाबा, सोडू का पुढं?" नको म्हटले. असे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटले असेन. चांदोरीच्या अलीकडे उजव्या पायाने एकाएकी साथ सोडली. पाय बळेच पुढे टाकत शे-दीडशे पावले गेलो आणि रस्त्याकडेच्या शेतात, काढून ठेवलेल्या लाल कांद्याच्या ढिगापाशी कोसळलो म्हणावे इतपत बसलो.
शेतात एक बाई कांद्याची पात कापत होती. फुलाबाई नाव सांगितले. लोटीभर पाणी दिले. वारा सुटला. ढिगावर झाकलेल्या कापडाचा कोपरा उलटला.
मी होतो. हार, डोक्याजवळ दिव्यांच्या माळेची तुटकी वायर. अक्षरांचा आणि धोंडीरामभाऊंचा भाग कापून दुसरीकडे गेला असावा. गोठ्याच्या छपरावर त्यांचा एक मोठा कान दिसत होता.
मी बघतच राहिलो, तर फुलाबाईने विचारले, "तुमच्या वळखीचा व्हता का?"
होता म्हटले.
"मला वाटलंच. हार घातल्याला फोटो म्हंजी गेल्यालाच माणूस. म्हून मी त्याच्यावर पाय देत नाय, कडंकडंनं कांदा काढती. चांगल्या घरचा दिसतो. कशानं गेला?"
"धावून."
"आगं बया! या वयात कशाला धावायचं ते?"
"लोकांनी आधीच बोर्ड लावला होता," मी म्हणालो.
तिने विळा खाली ठेवला.
"मंग काय करीन बिचारा," म्हणाली. उठली, फोटोतल्या माझ्या तोंडावर ऊन येत होते तो कोपरा नीट खाली दुमडला आणि वर चार कांदे ठेवले.
एसटीला हात केला. थांबली. कंडक्टरने खिडकीजवळची जागा दिली. सविताला फोन करून म्हटले, चांदोरीपर्यंत आलो, पंचवीसेक किलोमीटर. ती म्हणाली, "तेवढं तर तुम्ही स्कूटरवरही कधी गेला नाहीत." मग म्हणाली, "पाणी तापवून ठेवते."
चौकात उतरलो. दोन बांबू उभे होते, मध्ये आकाश.
लिफ्टने वर आलो.