ते केस कुणाचे होते

प्रिय वेंडेल,

अक्षर ओळखलंस ना? शाळेत एकाच बाकावर बसायचो आपण, आणि मिस ऑलीची पट्टी दोघांच्याही बोटांवर सारखीच पडायची, म्हणून दोघांचंही अक्षर सारखंच वाकडं. आठवडाभर मी गावी आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला, ओमाताईकडे. रविवारी टेकडीवर आपल्या माणसांच्या आठवणीची प्रार्थना झाली. गवत कापून थडगी साफ केली होती, झाडांखाली टेबलं मांडली होती, मक्याचा पाव, बीन्स, कोंबडी, सगळं नेहमीसारखं. तुझी व्हर्डीमावशी आता काठीशिवाय चालत नाही, पण जीभ तशीच आहे. मला म्हणाली, "वेंडेल रेडिओवर फार वाळलेला वाटतो रे. ती नवी बायको जेवायला घालते की नुसतीच आरशापुढे बसते?" मी म्हटलं, मावशी, माझी त्याच्याशी गाठ पडत नाही. "एकाच गावात राहता की," ती म्हणाली. मी म्हटलं, नॅशव्हिल मोठं आहे. यावर तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

माझ्या मिंटीचं थडगं वरच्या रांगेत आहे, दगडावर आर्मिंटा असं पूर्ण नाव. तू तिच्या दफनाला होतास, त्यामुळे जागा तुला ठाऊक आहे. आपले पाळक ब्रदर एस्टिल यांनी एकेक ओळ सांगितली आणि सगळ्यांनी ती ओढून गायली, वाद्याशिवाय, आपल्यात गातात तशी. माझं मात्र लक्ष लागेना. मला तिचे केस आठवत होते. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या बाया केसांना कात्री लावत नाहीत. मिंटीचे सोडले की गुडघ्याखाली जायचे, पिकलेल्या ओटसारखा रंग. शेवटच्या हिवाळ्यात तिला हात खांद्याच्या वर नेता येईना. सकाळी ती खुर्चीत बसायची आणि मी मागे उभा राहून विंचरायचो. गुंता कसा सोडवायचा ते मला येत नव्हतं. "टोकाकडून सुरू कर बाबा, मुळापासून नको, मी काही खेचर नाही," असं ती म्हणायची आणि हसता हसता तिला धाप लागायची. त्यातूनच ते गाणं झालं. मुद्दाम केलं नाही. विंचरताना मी गुणगुणायचो, आणि एक दिवस त्याला शब्द आले. *हात उचलत नाही तुझा, तर राहू दे, आज तुझे केस मी विंचरतो.* तिला आवडलं. म्हणाली, हे बाहेर कुणाला म्हणून दाखवू नकोस, लोक मला आजारी समजतील. ती आजारी होतीच, वेंडेल. पण तिने सांगितलं आणि मी मान डोलावली.

दफनानंतरच्या आठवड्यात तू आलास. तेव्हा तू नॅशव्हिलमध्ये दारोदार हिंडत होतास आणि तुझी गाणी कोणी घेत नव्हतं. पण तू बसने इतक्या लांब आलास, हे मी त्या वेळी मोठं मानलं. स्वयंपाकघरात आपण दोघेच होतो. मी तुला ते गाणं म्हणून दाखवलं, कारण भाऊ म्हणावा असा तुझ्याशिवाय दुसरा मला कोणी नव्हता. सांगितलंही, हे इथून बाहेर जायचं नाही. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "परत म्हण." मी म्हटलं. मग पुन्हा म्हणालास, "हॉबर्ट, फक्त मधलं कडवं, एकदाच." मला वाटलं, माझ्या बायकोसाठी रडतोय हा. तू पाठ करत होतास.

पुढच्या पानगळीत मी न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. साबण तोंडाला लागलेला, आणि रेडिओवर ते सुरू झालं. न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, "काय गोड लिहिलंय बघ, आपल्याच खोऱ्यातला पोरगा आहे म्हणतात." अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठलो. तुला भेटायला आलो तेव्हा तू दारातच उभा राहिलास, आत ये म्हणाला नाहीस. जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "गाणं हवेत असतं रे, ज्याने धरलं त्याचं. आणि तू कधी ते गाणार होतास का? मी नसतो तर ते तिच्याबरोबर पुरलं गेलं असतं." गाणार नव्हतो, हे खरंच आहे. ते माझ्या घरातलं होतं. तिचा कंगवाही आमच्या घरातच आहे, तोही मी कुणाला दिला नाही.

तुला वाटलं असेल की मी वाद घालीन. मी नॅशव्हिलमध्येच राहिलो. एका कंपनीत गाणी लिहायला लागलो, अजून तेच करतो. रोज सकाळी दोन खुर्च्यांच्या खोलीत बसायचं, कॉफी प्यायची, दुसऱ्यांनी गाण्यासाठी प्रेम लिहायचं. धंद्याची रीत मला मान्य आहे. गाणारा म्हणतो ते लोकांना खरं वाटतं, लिहिणाऱ्याचं नाव रेकॉर्डवर इतकं बारीक असतं की चष्मा लागतो. पण तिथे निदान नाव तरी असतं. लग्नात, मेजवान्यांत, बँडबाजाच्या पोरांच्या तोंडी, मी ते गाणं ऐकत आलो. प्रत्येक वेळी तू आधी गोष्ट सांगायचास, की तुझी बायको बिली रूथ दमून घरी आली आणि तू तिचे केस विंचरायला घेतलेस. सगळं नॅशव्हिल जाणून होतं की बिली रूथचे केस पोरासारखे आखूड. म्हणून तू तिच्यासाठी लांब केसांचा टोप करवून घेतलास आणि तुझ्या मागे उभी राहून ती तो घालून सूर धरायची, उन्हाळ्यातसुद्धा. परवा ती मला म्हणाली, "हॉबर्ट, घोड्याचं शेपूट डोक्यावर घेऊन नवऱ्याच्या प्रेमाचं गाणं म्हणणारी मी जगात एकटीच असेन."

हे सगळं मी गिळत आलो होतो. रोज रात्री गुडघ्यावर बसून मागायचो की हा राग काढून घे. काढून घेतला नाही. मग तू बिली रूथला सोडलंस, शेरिलशी लग्न केलंस, त्यालाही मी काही म्हणणार नव्हतो. पण मेमध्ये तू मंचावर उभा राहून म्हणालास की हे गाणं तू शेरिलसाठी लिहिलंस. लोक टाळ्या वाजवतात आणि हिशेब करत नाहीत. पुढच्या रविवारी बिली रूथने आम्हा गाणी लिहिणाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. जेवणानंतर नेहमीप्रमाणे एकच गिटार फिरली. ज्याच्या हातात गिटार, त्याने आपलं नवं गाणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं, हा नियम तुलाही ठाऊक आहे. गिटार तिच्याकडे आली तर ती गाईना. टोप काढून तिने टेबलावर ठेवला, बटाट्यांच्या वाडग्याशेजारी, आणि म्हणाली, "शेरिलसाठी! अरे, तो गाणं लिहीत होता तेव्हा त्या पोरीचे दुधाचे दात पडत होते. मला एक सांगा, खरे केस कुणाचे होते?" गिटार माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "तुझी पाळी, हॉबर्ट. आणि उगाच छताकडे बघू नकोस, तुझा चेहरा मी इतकी वर्षं वाचतेय."

मी त्या दिवशी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. आणि त्याच आठवड्यात तिच्यासाठी उत्तराचं गाणं लिहिलं, तुझ्या गाण्याला बाईच्या तोंडून जबाब. चाल तुझीच, म्हणजे माझीच. *ते केस कुणाचे होते रे, माझे तर खांद्याला टेकले नाहीत.* तीन कडवी आहेत. पहिल्यात ती विचारते, दुसऱ्यात टोप काढून ठेवते, तिसऱ्यात टेकडीवर झोपलेल्या बाईला तिच्या नावाने हाक मारते आणि माफी मागते, की बाई, इतकी वर्षं मी तुझे केस डोक्यावर घेऊन फिरले. मी आजवर लिहिलेल्यांत हे सगळ्यात चांगलं आहे, वेंडेल. राग माणसाला इतकं नेमकं लिहायला लावतो, हे मला ठाऊक नव्हतं. प्रेमाने मला एकच गाणं दिलं होतं.

चाल तुझ्या नावावर आहे म्हणून तुझी परवानगी लागत होती. ते काम अवघड जाईल असं आम्हाला वाटलं होतं. पण उत्तराचं गाणं निघालं की मूळ गाणं पुन्हा वाजायला लागतं, हे तू जाणतोस, आणि बाईचं उत्तर म्हणजे 'ये रे राजा, विंचर' असंच असणार, हे तू धरून चाललास. तुझे व्यवहार बघणारा माणूस सांगत होता, तू जेवता जेवता सही केलीस आणि म्हणालास, "बिचारी बिली रूथ, अजून माझ्याच गाण्यावर जगतेय." शब्द विचारलेसुद्धा नाहीस. रेकॉर्ड तयार आहे. खोकी भरलीत, गाडीत चढवायची बाकी आहेत. शनिवारी रेडिओच्या कार्यक्रमात तू तुझं गाणं म्हणशील आणि लगेच तुझ्यामागून बिली रूथ येईल, टोप घालून येईल.

आता तुला वाटेल, हा मला आधीच का सांगतोय. मलाही सांगायचं नव्हतं. पण रविवारी टेकडीवरून उतरताना मी ब्रदर एस्टिलना विचारलं की हे मी केलं तर देवापुढे कसा उभा राहीन. सूड देवावर सोड, असं ते म्हणतील या तयारीने मी होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी एकट्याने त्याच्याकडे जाऊन सांगितलंस का?" मी म्हटलं, एकदा गेलो होतो, बारा-तेरा वर्षांपूर्वी, पण मिंटीचं नावही तोंडून निघालं नाही. "मग तुझं भांडण मंडळीच्या हिशेबी अजून सुरूच झालेलं नाही," ते म्हणाले. तुला नियम पाठ आहे, आपण दोघे एकाच ओढ्यात बाप्तिस्मा घेतलेले. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याला सांगायचं, नाही ऐकलं तर दोन साक्षीदार घ्यायचे, तरी नाही ऐकलं तर सगळ्या मंडळीपुढे मांडायचं, आणि मग तो भाऊ राहत नाही. तुझ्या तोंडाकडे बघून मला बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र. ही माझी पहिली पायरी. साक्षीदार म्हणून बिली रूथ आणि ब्रदर एस्टिल तयार आहेत, ते शुक्रवारी तुझ्या दारात येतील. तिसरी पायरी शनिवारची. गाण्याआधी माइकपुढे तू फक्त एवढं म्हण, की हे गाणं हॉबर्टने आपल्या बायकोसाठी, आर्मिंटासाठी लिहिलं. मग बिली रूथ दुसरंच काहीतरी गाईल आणि ती खोकी जागची हलणार नाहीत. तिने फोनवर कबूल केलंय, कुरकुरत. "तुझा देव फार सज्जन आहे, मला नाही परवडत," असं म्हणाली. मी शब्द पाळीन. पण राग गेलेला नाही, आणि खोटं लिहिणं मला जमत नाही, म्हणून हेही लिहितो. पत्र उद्या सकाळच्या टपालात जाईल, आणि तेव्हापासून शनिवारपर्यंत मी रोज देवाकडे एकच गोष्ट मागणार आहे, की तू तिचं नाव घेऊ नयेस.

शनिवारपर्यंत तुझाच,
हॉबर्ट