रेणू फिरत नाहीत

१५ सप्टेंबर, सोमवार
प्राचार्यांनी बोलावलं. ८ ऑक्टोबरला कॉलेजात मूल्यांकन समिती येणार. त्याआधी वेबसाइटवरच्या बंद पडलेल्या गोष्टी काढून टाकायच्या म्हणे. त्यांच्या यादीत पहिलं नाव माझ्या 'रेणुदर्शन'चं. २००८ साली मी एकट्याने केलेलं काम. चौसष्ट रेणू, प्रत्येक अणूची जागा मी स्वतः आकडे टाइप करून बसवलेली. माउसने धरा, फिरवा, चहूबाजूंनी बघा. तेव्हा रोह्यातच काय, अलिबागलाही असं काही नव्हतं.
बंद पडलेलं नाही, ब्राउझर बिघडलेत, असं स्पष्ट सांगितलं. ॲपलेट म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. हे आमचे प्राचार्य. पानात बसवलेला छोटा जावा प्रोग्राम, असं समजावलं. समितीसमोर फिरलं तर ठेवू, नाहीतर काढू, म्हणाले.
फिरेल. चार दिवसांचं काम.

१६ सप्टेंबर
क्रोम : रेणूच्या जागी राखाडी चौकोन. फायरफॉक्स : चौकोनही नाही. एज : पांढरं पान. तीन बाद.
या लोकांनी परस्पर ठरवून ॲपलेट बंद केलं. वापरणाऱ्याला विचारायची पद्धत नाही. तिन्ही कंपन्यांना निषेधाचा मेल पाठवला, भाषा कडक ठेवली.

१८ सप्टेंबर
उत्तर नाही.
डिपार्टमेंटला नमिता म्हणून नवीन मुलगी शिकवायला आली आहे. जोह्याची. वडिलांचा गणपतींचा कारखाना. न विचारता सल्ला दिला : सर, ॲपलेट आता कुठेच चालणार नाही, त्याच फाइली जावास्क्रिप्टच्या व्ह्यूअरमध्ये टाकू, एका दुपारचं काम आहे, मोबाइलवरही दिसेल.
एका दुपारचं! मला दोन वर्षं लागली होती. रसायनशास्त्र मोबाइलवर शिकत नाहीत, एवढंच बोललो. तासाला निघून गेली. बरं वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार
घरी. दिवसभर जावाच्या सहा जुन्या आवृत्त्या टाकल्या आणि काढल्या. लॅपटॉप आता सुरूच व्हायला अकरा मिनिटं घेतो. त्या मुलीला करू द्या ना, असं विमल म्हणाली. रामवाडीतल्या भाजीवाल्यालासुद्धा माझ्या बायकोपेक्षा माझी किंमत जास्त असेल.
तत्त्वाचा प्रश्न आहे हे तिला कळणार नाही.

२४ सप्टेंबर, दुपारी ३
जिंकलो.
लॅबमध्ये टेबलाखाली जुना कॉम्प्युटर सापडला. विंडोज एक्सपी. लॅब अटेंडंट विठू त्यावर पाण्याचा कॅन ठेवत असे. पुसला, लावला, सुरू! ॲपलेटने मात्र सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून अडवलं. मग मी कॉम्प्युटरचं घड्याळच मागे नेऊन २०१२ साल केलं. लगेच चाललं. बेंझिन फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं, हे इथे लिहायला हरकत नाही.
२०१२मध्ये सगळं ठीक चालतं. माणसंही ऐकायची.
समितीला हाच कॉम्प्युटर दाखवायचा. नमिताला मुद्दाम बोलावून दाखवलं. छान, म्हणाली. चेहरा पडला होता असं मला वाटतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
उद्या सुट्टी, म्हणून लॅबची पूजा आजच. तराजू, पीएच मीटर, ब्युरेट, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. यंदा पहिला मान या कॉम्प्युटरचा, असं मी ठरवलं. सीपीयू पाटावर ठेवला. नारळ फोडायला दगड शेजारीच.
विठू म्हणाला, "सर, नारळ भायेर फोडू. हितं नको, पानी जाईल त्याच्यात."
मान कोणाचा आहे, असं मी विचारलं. मग फोडला.
नारळात पाणी फार निघालं.

३ ऑक्टोबर
सुरू होत नाही. चूक विठूची, त्याने बघून नारळ आणायला हवा होता. सीपीयू उघडून उन्हात ठेवला. हार्ड डिस्क घरी आणून तांदळाच्या डब्यात घातली. मोबाइल असा वाळतो, डिस्क का नाही वाळणार? विमलने त्या डब्यातले तांदूळ आज शिजवले नाहीत.

४ ऑक्टोबर
डिस्कमधून कुर्रकुर्र आवाज. म्हणजे जीव आहे.

४ ऑक्टोबर, सायंकाळी
आता आवाज नाही.
नमिताला फोन केला. पर्यायी व्यवस्था म्हणून तुझं ते करून ठेव, पण माझ्या फाइलींतला एक आकडाही बदलायचा नाही, अशी अट घातली. ती म्हणाली, "सर, मी फाइली बघितल्या. ते अमोनियाचं जरा..." मी म्हटलं, एकही नाही. "बरं, सर."
या पिढीला जुन्या कामाला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही.

६ ऑक्टोबर
झालं म्हणे. जोह्याला कारखान्यात बसून केलं, गणपती झाल्यामुळे तिथे सध्या जागाच जागा. चौसष्टच्या चौसष्ट रेणू, सगळ्या ब्राउझरमध्ये. विठू पॅसेजमध्ये उभा राहून स्वतःच्या फोनवर मिथेन फिरवत होता.
दोन दुपारी लागल्या. एक म्हणाली होती. निदर्शनास आणून दिलं.
खाली 'निर्मिती' म्हणून फक्त माझं नाव आहे. तिने स्वतःचं घातलं नाही. योग्यच केलं.

८ ऑक्टोबर, बुधवार
समितीच्या मॅडमनी मोठ्या पडद्यावर स्वतः अमोनिया उघडला. शेजारच्या धाटावच्या केमिकल कंपन्यांतला ओळखीचा वायू, म्हणून असेल. फिरवला. आडवा केला. चारही अणू एका रेषेत. पापडासारखा सपाट रेणू.
अमोनियाचा पिरॅमिड असतो, वर नायट्रोजन. सपाट काढला म्हणून मी दर वर्षी अर्धा मार्क कापतो.
मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही?"
मी म्हणालो, "एकानेही नाही, मॅडम."
हे मी अभिमानाने म्हणालो. अर्थ जिन्यात लक्षात आला.

९ ऑक्टोबर
पान राहणार, असं प्राचार्य म्हणाले. मुलं वापरतायत.
फाइल उघडली. नायट्रोजनच्या तिसऱ्या, म्हणजे उंचीच्या, आकड्याच्या जागी शून्य. माझंच टायपिंग. नमिताला म्हटलं, तू बदल. ती म्हणाली, "तुम्हीच बदला, सर. तुमचं आहे." ती शेजारी उभी राहून सांगत होती, मी दाबत होतो. दोन मिनिटं लागली.
मग तो रेणू माउसने धरला आणि आडवा केला. नायट्रोजन वर आला होता. स्वतःच्या कामातला अमोनिया मी आज पहिल्यांदा बाजूने पाहिला.