वन्संनी मागितलेली मुलगी

लोतोफोआ, हापाई
१४ एप्रिल १९८६

आदरणीय सेइनीवन्सं,

देवाच्या दयेने आम्ही इकडे सगळे जिवंत आणि बरे आहोत. तुमचीही तब्येत चांगली असेल, आणि तुमच्या शाळेतल्या मुली तुम्हाला फार छळत नसतील अशी आशा करते. तुमचं पत्र, साबणाच्या वड्या आणि कापड बोटीवरून मिळालं. कापड पांढरंशुभ्र आहे. मे महिन्यातल्या मुलांच्या रविवारी घालायचे झगे त्याचेच शिवीन. आभारी आहे.

तुमचा भाऊ बरा आहे. मध्ये पाठ धरली होती, आता सुटली. कोनफळं काढायला आली आहेत. पहिली निघालेली तुमच्यासाठी बाजूला काढली, पुढच्या बोटीने येतील. दोन डुकरं कुंपण मोडून पाळकांच्या अळूत शिरली, त्यावरून थोडी बोलाचाली झाली. मिटली आता. एक डुक्कर त्यांच्याकडेच गेलं, कापून.

मुली बऱ्या आहेत. हेइलालाचे पुढचे दोन्ही दात आता पुरते आले, त्यामुळे तोंडही पुरतं सुटलं आहे. परवा तिच्या बाबांना म्हणाली, "बाबा, तुम्ही गाता तेव्हा कुत्री का उठून जातात?" फाने धरून धरून चालते. हाताला लागेल ते तोंडात घालते.

मी चटया विणायला जाते. केवड्याची पानं समुद्रात दगडाखाली भिजत घातली आहेत, या आठवड्यात काढायची. बायका रोजच्याच. म्हातारी मालिया मला म्हणाली, "काय गं लुपे, विंचरायला एक डोकं कमी झालं तुला, तरी तोंड असं उकडलेल्या कंदासारखं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. कुठे हसायचं ते मला अजून कळतं.

तेलेसिया रुळली हे वाचलं. बूट मिळाले, शाळेत नाव घातलं, इंग्रजी आकडे म्हणते, हेही वाचलं. तुमच्याकडे तिला जे मिळेल ते इथे मिळालं नसतं, सगळे हेच म्हणतात. तुमच्या भावालाही वाचून दाखवलं. त्याने मान हलवली.

तुम्ही विचारलंत, अंथरूण ओलं करायची सवय तिला इथेही होती का. नव्हती. दिवेलागणीनंतर पाणी कमी द्या.

आणखी काय लिहू? कपडे धुते, नीरफणस भाजते, नारळ खवते, मुलींच्या उवा काढते. हात आपले आपण चालतात. दिवस जातो. चुलीवर भाताला कढ आला की मी झाकण काढते, आणि कधी कधी ते हातात धरून तशीच उभी राहते. मग हेइलाला येऊन माझ्या हातातून झाकण काढून घेते. काही होत नाही मला, काळजी नसावी.

तेलेसियाला सांगा, आईने नमस्कार सांगितलाय. नाहीतर नका सांगू, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

तुमची आज्ञाधारक भावजय,
लुपे


लोतोफोआ, हापाई
५ मे १९८६

आदरणीय सेइनीवन्सं,

देवाच्या दयेने आम्ही बरे आहोत. कोनफळं पोचली असतील.

काल मुलांचा रविवार झाला. देऊळ भरलं होतं. पाळकांनी नवी कॉलर घातली होती आणि ती त्यांचा गळा आवळत होती, त्यामुळे प्रवचन आखूड झालं. देव पावला. नंतर पोरांना आधी जेवायला बसवलं, नेहमीप्रमाणे. जमिनीतल्या उमूत भाजलेलं डुक्कर, कोनफळ, अळूच्या पानातलं मांस, पाकातले गोळे. हेइलालाने इतकं खाल्लं की झग्याची मागची गुंडी उडाली.

झग्यांचं सांगायचं आहे. तुमच्या कापडाचे मी झगे शिवले. शिवताना मी विचार करत नव्हते, हल्ली करतच नाही. शनिवारी इस्त्री करून दोरीवर टांगले तेव्हा हेइलाला म्हणाली, "आई, हा मधला कुणाचा?"

मी म्हटलं, "फानेचा."

"फाने बुडेल त्यात."

मी बघितलं. एक हेइलालाचा होता, एक चिमुकला फानेचा होता, आणि मध्ये तिसरा. बाह्या, कमरेच्या चुण्या, सगळं मापात. माप घ्यायला पोर घरात नाही आणि झगा मात्र मापात. मी तो काढला आणि घडी घालून ठेवला. तेव्हाही मला काही वाटलं नाही, वन्सं. चूक झाली, कापड वाया गेलं, एवढंच वाटलं.

देवळात मुलं एकेक करून पुढे जाऊन आपापलं वचन म्हणत होती. तुम्हाला ठाऊकच आहे, आम्ही आया महिनाभर पोरांच्या मागे लागून ती वचनं घोकून घेतो, आणि ऐन वेळी पोरं पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहतात. तेलेसियाला मी जानेवारीपासूनच तिचं वचन शिकवायला घेतलं होतं, कारण तिला पाठ व्हायला वेळ लागतो. नावं पुकारायला म्हातारा फिलिमोने होता. त्याला दिसत नाही नीट, सगळं डोक्यातूनच बोलतो. हेइलालाचं झालं. आणि त्याने पुकारलं, "तेलेसिया! सेमिसीची तेलेसिया!"

कुणी पुढे गेलं नाही. त्याने परत पुकारलं, वर म्हणाला, "लाजू नको बाळ, ये." मागे बायका कुजबुजल्या. मालियाने मांडीवर हात आपटला. माझा भाऊ दुसऱ्या बाकावर होता, तो खिडकीबाहेर बघायला लागला. तुमचा भाऊ खाली बघत होता. मी सरळ समोर बघत होते, दुसऱ्याच कुणाच्या पोरीला पुकारल्यासारखी.

हेइलाला जागेवर परत आलीच नव्हती. ती तिथूनच वळली आणि फिलिमोनेला म्हणाली, "ती आत्याकडे आहे. तिचं मी म्हणते." आणि तिने म्हटलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याजवळ बसून तेलेसिया रोज चुकायची ते ही शेजारी पडून ऐकत होती म्हणे. जिथे तेलेसिया अडायची, तिथे ही पण अडली. मुद्दाम नाही, तिला ते तसंच पाठ झालं होतं.

तिथे माझं काहीतरी झालं. रडले नाही. फानेला मांडीवर घेतली होती, तिला मी इतकी घट्ट धरली की ती ओरडली.

आता जे लिहिते ते वाचून तुम्ही रागवाल. तुमचा अधिकार आहे. तुम्ही माझ्या मुलींच्या आत्या. तिघींची नावं तुम्ही ठेवलीत. तुमच्यासमोर आम्ही बसायचं ते खाली आणि बोलायचं ते हळू. तुम्ही चटई मागितलीत तर चटई द्यायची, डुक्कर मागितलंत तर डुक्कर. माझ्या आईच्या घरीही असंच होतं, मीही माझ्या भावाच्या मुलांची आत्या आहे, आणि त्याच्या घरून हवं ते उचलून आणते. तो कुरकुरतो आणि देतो. म्हणून मला हे नवीन नाही.

फानेच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही वरच्या जागी बसला होतात. आम्ही तुमच्यापुढे चटया ठेवल्या. तुम्ही त्यांना हातही लावला नाहीत. तेलेसियाला जवळ ओढून म्हणालात, "चटया राहू देत. मला ही द्या." सगळ्या बायका रडल्या. केवढा मान, म्हणाल्या. तुमच्या भावाने मान खाली घातली, म्हणजे हो. मग सगळे माझ्याकडे वळले, आणि मी "आभारी आहे" म्हणाले.

त्या वेळी मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला हलकं वाटलं. फाने झाली तेव्हापासून माझ्यात काही उरलंच नव्हतं. पोरी बोलायच्या आणि मला त्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे यायचे. तेलेसिया सगळ्यात जास्त बोलायची. खेकड्याला गुडघे असतात का, मेलेली आजी देवळात येते का, तू माझ्याशी का बोलत नाहीस. एकदा तिने माझं तोंड दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवलं. मी तिचे हात काढून बाजूला ठेवले.

तुम्ही ते पाहिलंत. तुम्ही आठवडाभर इथे होतात, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. मागच्या अंगणात मला एकटीला गाठून म्हणालात, "लुपे, तुझ्याच्याने होत नाही. एक तरी मी वाढवते." ते खरं होतं. तुम्ही मूल पळवलंत असं मी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर त्याच्या तोंडावर मी झाडू मारीन. तुम्ही दयेने मागितलंत. मीही अर्ध्या मनाने नाही, मोकळ्या मनाने दिलं. बोटीवर ती तुमचा हात धरून चढली आणि वरून मला हाका मारत होती. मी हात हलवला आणि घरी येऊन कपडे भिजवले.

वन्सं, तिला अंथरूण ओलं करायची सवय नव्हती. मागच्या पत्रात मी तुम्हाला पाणी कमी द्या असं लिहिलं. ते लिहिणारी बाई कोण होती ते मला सांगता येत नाही. पोर रोज पहाटे परक्या घरात ओली उठते, आणि तिची आई लिहिते, पाणी कमी द्या.

काल देवळातून आल्यावर मी तुमच्या भावाला म्हटलं, "मी तेलेसियाला आणायला जाते."

तो दारात कोयत्याला धार लावत होता. रविवारी काम करायचं नसतं हेही विसरला होता. म्हणाला, "ताईला मी काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. मी बोलते."

"तिच्याशी? तू कोण बोलणारी?" तो रागावून म्हणाला नाही, खरंच विचारत होता.

"कुणी नाही," मी म्हटलं.

त्याने कोयता खाली ठेवला. "दिलेलं मूल कुणी परत मागत नाही गं. मी तर असं ऐकलंही नाही कधी."

"मीही नाही ऐकलं."

आज सकाळी उठले तर तो गादीखालची मोठी चटई काढून उन्हात घालत होता. माझ्या आईने लग्नात दिलेली, जी आम्ही राजाला दाखवायलाही बाहेर काढली नसती. दोन्ही टोकं ओढून सरळ केली आणि मळ्यात निघून गेला.

तर गुरुवारच्या बोटीने मी येते आहे. हे पत्र पुढे पाठवते आहे, म्हणजे मी अचानक येऊन तुम्हाला लोकांत खाली बघायला लावलं असं होऊ नये. चटई घेऊन येईन आणि तुमच्या दाराबाहेर जमिनीवर बसेन. आत या म्हणालात तरी येणार नाही, कारण मी पाहुणी म्हणून येत नाहीये. तुम्ही म्हणाल, तू बरी झालीस का? तर नाही. पूर्ण नाही. अजून सकाळी उठताना अंग दगडाचं असतं, आणि कधी कधी पोरींचे आवाज लांबूनच येतात. तिला आणल्यावर मी हसेन, खेळेन, तिच्या खेकड्यांची उत्तरं देईन, असं वचन माझ्याने देववत नाही. एवढंच सांगते की तिने माझं तोंड धरून वळवलं तर मी वळीन.

तुम्ही दिलंत तर आयुष्यभर तुमची ऋणी राहीन. पुढेही काहीही मागा, हे घर तुमचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. तुमच्यापुढे माझा आवाज निघत नाही, आणि निघूही नये.

तेलेसियाला आधी काही सांगू नका, उगाच आशा लावू नका. फक्त तिला शाळेतून नेहमीच्या वेळी घरी येऊ द्या. मग तुम्ही मला रिकाम्या हाताने परत पाठवलंत, तरी आई तिला न्यायला आली होती आणि दारात बसली होती, एवढं तिने पाहिलेलं असेल.

तेलेसियाची आई,
लुपे