आपल्या घरची मूळव्याध

प्रिय किशोरी,

आठवतं, बाबांसाठी सुरण चिरायला आई आपल्या दोघींना मागच्या पायरीवर बसवायची? आधी हाताला खोबरेल चोपडायचो, तरी तू खाज सुटली म्हणून नाचायचीस आणि आतून बाबा हसायचे, "माझ्या मूळव्याधीची शिक्षा पोरींना!" आजोबांनाही तीच होती. कुळाचारासारखी ती घराण्यात चालत आली आहे, असंच आपण मानलं. बाबा वाळत वाळत गेले तेव्हाही कुणी दुसरं नाव घेतलं नाही.

फोनवर मी बरी आहे म्हणते ते अर्धंच खरं. इथे सुकापूरच्या बाजूला रोज नवी इमारत उठते आणि प्रत्येकीच्या खाली औषधाचं दुकान. रक्त पडायला लागल्यावर वर्षभर मी तिथलंच मलम वापरलं. मग डॉक्टरांकडे गेले, पण तपासू दिलं नाही. आपण कॉन्व्हेंटच्या मुली. आपल्याला कमरेखालचं सगळं 'पोट'च. पोटाचं जरा बिघडलंय म्हटलं, त्यांनी इसबगोल दिलं. मीही सुटले, तेही सुटले. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दुर्बिणीच्या तपासणीसाठी नाव घातलं. तारीख मिळेपर्यंत पावसाळा सरला.

तिथली डॉक्टर वयानं तुझ्या लेकीएवढी, समृद्धीएवढीच. घरात कुणाला कॅन्सर होता का, तिनं विचारलं. मी म्हटलं, छे गं, वडिलांना आणि आजोबांना नुसती मूळव्याध. तिनं पेन खाली ठेवलं. "मावशी, त्यांना कुणी तपासलं होतं का?" माझ्या आतड्यातली गाठ यकृतापर्यंत पोचली आहे. केमो चालू आहे. बरं होण्याबद्दल ती काही बोलत नाही, मीही विचारत नाही. दुखण्यापेक्षा रुग्णालयाच्या बाकांवर बसून बसून मी थकले आहे.

गौरीजेवणाला ताटं वाढताना तू म्हणालीस, "ताई, बाबांची मूळव्याध शेवटी माझ्याच वाट्याला आली बघ." मीही हसले होते. किशोरी, ते हसणं मला झोपू देत नाही. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. माझ्या डॉक्टरला तुझ्याबद्दल सांगितलंय. भावंडांनी तपासून घ्यायला थांबायचं नसतं, असं ती म्हणते. उरणहून एकटी येऊ नकोस, समृद्धीला घेऊन ये. लाजू नकोस, हे पत्र आधी तिलाच वाचायला दे, हा आजार तिनंही ओळखायला हवा. आता बाकीचं. आईच्या पाटल्या समृद्धीला. शिवणयंत्र सोमीला, माझं सगळं आता तीच करते. पुस्तकं शाळेला. आणि मोत्यांची नथ तुला. ती मात्र कपाटातून कुणी काढून द्यायची नाही. तू तपासून घेऊन आलीस की त्याच दिवशी मी माझ्या हातानं देणार आहे. तेव्हा उशीर करू नकोस.

तुझीच,
प्रमिलाताई